गुणी मोटार आणि पाणीदार मोटार

घोड्यांची पारख करणारे जुने लोक दोन शब्द फार जपून वापरीत. एक 'पाणी' आणि दुसरा 'खोड'. अंगांत रग आहे, टाच लागण्यापूर्वींच जो उसळी घेतो, तो घोडा पाणीदार. विनाकारण बुजणें, रिकिबींत पाय ठेवूं न देणें, भर रस्त्यांत अडून बसणें, ही खोड. पाणीदार घोड्याला खोड असलीच पाहिजे असा कांहीं नियम नाहीं. परंतु दोन्ही गोष्टी एकाच जनावराच्या ठिकाणीं पुष्कळदां दिसत असल्यामुळें गिऱ्हाइकाची गल्लत होई आणि ती सौदागराच्या पथ्यावर पडे. खोड नजरेस आली कीं तो हंसून म्हणे, 'जनावर पाणीदार आहे, साहेब!'

घोडे गेले आणि मोटारी आल्या. गल्लत मात्र जशीच्या तशी राहिली. कचेरीला जाण्याकरितां किंवा बिऱ्हाडाचें सामान नेण्याकरितां नव्हे, तर केवळ वेगाच्या व हांकण्याच्या आनंदाकरितां जी दोन आसनांची मोटार घेतात, तिला स्पोर्ट्स कार म्हणतात. युरोप, अमेरिका व जपान या देशांत अशी मोटार घेणारा गृहस्थ बहुधा मध्यम वयाचा असतो. मुलें मार्गाला लागलेलीं, घराचें कर्ज फिटत आलेलें, आणि तरुणपणीं भिंतीवर टांगलेलें एक चित्र अजून मनांतून न गेलेलें. ही खरेदी तो आयुष्यांत एकदांच करणार. अशा वेळीं त्याच्यापुढें दोन गाड्या उभ्या राहतात. एक कधीं दगा न देणारी. दुसरी केव्हां दगा देईल याचा नेम नाहीं, पण जिच्या नुसत्या आवाजानें अंगावर कांटा उभा राहतो. पहिली घ्यावी तर मन खट्टू होतें, दुसरी घ्यावी तर बायको विचारते, 'हिच्या दुरुस्तीचें काय?' आणि हा प्रश्न अडाणीपणाचा खास नव्हे.

हा पेंच १९९० च्या सुमारास जितक्या स्पष्ट रूपानें पुढें आला तितका त्यापूर्वीं कधीं आला नव्हता. इटलींतील मारानेल्लो गांवच्या फेरारी कारखान्यानें १९८९ सालीं आपली '३४८' ही गाडी बाहेर काढली. त्याच वर्षीं फेब्रुवारींत शिकागोच्या प्रदर्शनांत जपानच्या होंडा कंपनीनें 'एन्-एस्-एक्स्' ही गाडी मांडली व पुढील वर्षीं ती विकावयास काढली. दोन्ही दोन आसनांच्या. दोहोंचें इंजिन चालकाच्या पाठीमागें व मागच्या आंसाच्या पुढें. शक्तीही जवळजवळ बरोबरीची. इटालियन गाडीच्या आठ सिलिंडरांची ३०० अश्वशक्ति, तर जपानी गाडीच्या सहा सिलिंडरांची २७०. एवढें साम्य असूनही दोघींच्या स्वभावांत जमीनअस्मानाचा फरक होता. तो फरक कोठून आला हें पाहिल्याशिवाय निवडीचा प्रश्न सुटावयाचा नाहीं.

फेरारीच्या बिल्ल्यावर मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा असतो. पहिल्या महायुद्धांतील फ्रांचेस्को बाराक्का या इटालियन वैमानिकाच्या विमानावर तो रंगविलेला असे, व त्याच्या मातेच्या सूचनेवरून एन्झो फेरारी यांनी तो घेतला, अशी हकीकत सांगतात. एन्झो फेरारी हे मुळांत शर्यतींचे भोक्ते. रस्त्यावरच्या गाड्या त्यांनी विकल्या त्या मुख्यतः शर्यतींचा खर्च भागावा म्हणून. शर्यतीच्या गाडीचा धर्म असा कीं, ती एक दुपार जिवापाड धांवावी आणि मग मिस्त्र्यांनी तिचा सांगाडा मोकळा करून पुन्हां जुळवावी. ज्या घरांत ही रीत, तेथें एखादा भाग बदलण्याकरितां सबंध इंजिन खालीं उतरवावें लागलें तर कोणाला नवल वाटत नाहीं. ३४८ च्या बाबतींत नेमकें हेंच झालें.

इंजिनाचे व्हॉल्व्ह योग्य क्षणीं उघडावे व मिटावे म्हणून एक दांतेरी रबरी पट्टा असतो. तो तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हांवर आदळतात आणि क्षणार्धांत इंजिनाचा चुराडा होतो. म्हणून हा पट्टा ठराविक मुदतीनें बदलणें भागच असतें. फेरारीच्या आधींच्या '३२८' या गाडींत इंजिन आडवें असल्यामुळें हें काम जागच्या जागीं होई. ३४८ मध्यें तें उभें, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनें बसविलें, व गिअरची पेटी आडवी केली. त्यामुळें वजन जमिनीलगत आलें, आणि तें चांगलेंच झालें. पण पट्टे जाऊन बसले चालकाच्या पाठीमागच्या भिंतीला खेटून, जेथें हात शिरत नाहीं. तेव्हां पट्टा बदलावयाचा म्हणजे गाडी उंच उचलून, मागच्या सांगाड्यासकट इंजिन खालीं काढावयाचें. दर तीन ते पांच वर्षांनीं हा सोहळा. १९९४ सालीं ३४८ च्या जागीं आलेली 'एफ ३५५' ही अनेकांच्या मतें फेरारीच्या अत्यंत देखण्या गाड्यांपैकीं एक; तिच्यांतही हीच व्यवस्था कायम राहिली. शिवाय एक्झॉस्टच्या नळ्यांचे जुडगे तडकणें, व प्रारंभींच्या गाड्यांत व्हॉल्व्हांच्या कांशाच्या नळकांड्या अकालीं झिजणें, ही दुखणीं तिला जडलीं. आंतील बटनांवरचा मऊ लेप कांहीं वर्षांनीं चिकट होऊन बोटांना लागतो तो वेगळाच.

इतकें असूनही लोक तिच्यावर जीव टाकतात. हें केवळ वेड म्हणून उडवून लावणें योग्य होणार नाहीं, कारण त्यामागें यंत्रशास्त्राची एक खरी गोष्ट आहे. फेरारीचे आठ सिलिंडर इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकारांत चार चारच्या दोन ओळींत बसविलेले असतात. अमेरिकेंतील नेहमींच्या आठ-सिलिंडरी इंजिनांत मुख्य दांड्याचे, म्हणजे क्रँकशाफ्टचे, हात एकमेकांशीं काटकोन करून असतात; फेरारीचे सगळे हात एकाच पातळींत असतात. यामुळें स्फोट एकदां या ओळींत, एकदां त्या ओळींत, असे आळीपाळीनें होतात, व प्रत्येक ओळीच्या नळींतून ठोके अगदीं सारख्या अंतरानें बाहेर पडतात. तालांत पडणारे हे ठोके जसजसे जलद होतात तसतसा घोगरेपणा जाऊन आवाज वर वर चढत जातो. दांड्याला जड प्रतिभार लागत नाहीं, म्हणून फेरे झपाट्यानें वाढतात. एफ ३५५ चें इंजिन मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांपर्यंत जातें. पण ज्या रचनेमुळें हा आवाज मिळतो तिच्याच मुळें एक बारीक थरथरही उत्पन्न होते. काटकोनी दांड्यांत ती आपोआप शमते, येथें शमत नाहीं. ती बोल्टांत, जोडांत व नळ्यांत शिरते आणि वर्षानुवर्षें आपलें काम करीत राहते. ही थरथर पाण्याचीच दुसरी बाजू होय. ज्याला तो आवाज हवा त्यानें ही थरथर पत्करलीच पाहिजे.

पट्ट्याची गोष्ट मात्र तशी नाहीं. पट्टा भिंतीला खेटून बसविल्यानें कोणाच्या आनंदांत रतिभर भर पडली नाहीं. याचा पुरावा खुद्द फेरारीनेंच दिला. १९९९ सालच्या '३६०' या गाडींत आसनांमागील एक झांकण काढलें कीं पट्ट्यापर्यंत हात पोंचूं लागला, आणि २००४ सालच्या 'एफ ४३०' मध्यें पट्टा जाऊन साखळी आली. यामुळें गाडी मिळमिळीत झाली असें कोणीही म्हटलें नाहीं. म्हणजे इतकीं वर्षें जी गोष्ट खानदानी स्वभाव म्हणून खपली ती निव्वळ खोड होती. १९९१ सालीं कंपनीचे अध्यक्ष झालेले लुका दी मोंतेझेमोलो यांनींही ३४८ विषयीं आपली नापसंती लपवून ठेवली नाहीं. घरच्याच माणसानें खोडीला खोड म्हटलें, तेव्हां गिऱ्हाइकानें संकोच कां करावा?

आतां दुसरीकडे वळूं. होंडा कंपनीला शर्यतींचें वावडें होतें असा कोणाचा समज असेल तर तो खोटा आहे. १९८८ सालीं होंडाचें इंजिन बसविलेल्या मॅक्लॅरेन गाड्यांनीं फॉर्म्युला वनच्या १६ शर्यतींपैकीं १५ जिंकल्या. पण होंडाच्या शिल्पज्ञांनीं रस्त्यावरच्या गाडीचा विचार करतांना मालकाचें सबंध आयुष्य डोळ्यांपुढें आणलें. हा मनुष्य सकाळीं कामावर जाणार, पावसांत अडकणार, गर्दींत थांबणार, आणि त्याला मागेंपुढें दिसलें पाहिजे. म्हणून त्यांनीं लढाऊ विमानाच्या कांचेच्या घुमटावरून चालकाच्या भोंवतालची रचना बेतली. गाडीचा सबंध सांगाडा ॲल्युमिनियमचा केला. मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या गाडींत असें प्रथमच घडलें, आणि पोलादाच्या मानानें सुमारें दोनशें किलो वजन वांचलें. ब्राझिलचा जगज्जेता चालक आयर्टन सेना यानें सुझुका येथें १९८९ सालीं नमुन्याची गाडी चालवून पाहिली व तिचा सांगाडा अधिक ताठ हवा असें सांगितलें. कंपनीनें तें मानलें व ताठपणा वाढविला. एवढ्या मोठ्या कंपनीनें तयार होत आलेल्या गाडीचा सांगाडा एका माणसाच्या शब्दावरून पुन्हां हातीं घ्यावा, हें विशेष होय.

पण खरी करामत इंजिनांत आहे. शर्यतीचें इंजिन बाजारांतून हळू चालवितांना आचके कां देतें, याचें कारण व्हॉल्व्हांत सांपडतें. व्हॉल्व्ह उघडण्याचें काम फिरत्या दांड्यावरील अंडाकृति उंचवटे, म्हणजे कॅम, करतात. फेरे जलद असतां सिलिंडरांत पुरेसा वारा जाण्यास फार थोडा अवकाश मिळतो. म्हणून कॅम मोठा लागतो, व्हॉल्व्ह अधिक वेळ व अधिक उघडा राहावा लागतो. परंतु हाच मोठा कॅम मंद गतीला घातक ठरतो. आंत आलेला वारा परत बाहेर पडतो आणि इंजिन अडखळतें, गुरगुरतें, बंद पडतें. म्हणून जुना सिद्धांत असा कीं, जो वर गाईल तो खालीं गाणार नाहीं. होंडानें प्रत्येक सिलिंडराला लहान व मोठे असे दोन्ही प्रकारचे कॅम दिले. मिनिटाला सुमारें ५,८०० फेरे होईपर्यंत लहान कॅम काम करतात. त्यापुढें तेलाच्या दाबानें एक खिळी सरकते व मोठे कॅम ताबा घेतात. पाठीमागें एकाएकीं दुसराच आवाज उमटतो आणि गाडी आठ हजार फेऱ्यांपर्यंत झेप घेते. या युक्तीला कंपनीनें 'व्हीटेक' असें नांव दिलें. स्वभावांतला चिडखोरपणा हा वेगाबरोबर येणारा अटळ भोग आहे, या समजुतीचा मोठा भाग या खिळीनें निकालांत काढला.

ती गाडी अगदींच निर्दोष होती असें मात्र नव्हे. प्रारंभींच्या कांहीं गाड्यांच्या गिअरपेटींत एक कडें तुटण्याचा दोष निघाला. मागचे टायर तर इतक्या लवकर झिजत कीं मालक चकित होत. ॲल्युमिनियमचा सांगाडा ठोकरला तर तो सरळ करणारा कारागीर सहजासहजीं मिळत नाहीं. पट्टा हिलाही आहे. पण तो इंजिन न उतरवितां बदलतां येतो. मॅक्लॅरेनची 'एफ-१' ही जगप्रसिद्ध गाडी आंखणारे गॉर्डन मरी यांनीं बसणें, वळणें व रोजचा वापर यांच्या बाबतींत हीच जपानी गाडी आदर्श मानली, आणि स्वतः वर्षानुवर्षें ती वापरली. ज्यांना हवी ती गाडी मिळूं शकत होती अशा माणसाची ही निवड होती.

असें असतां या गाडीवर 'हिला जीव नाहीं' असा आक्षेप सर्रास घेण्यांत येई, व अजूनही येतो. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. पहिल्या वर्षांतील साध्या गिअरच्या गाड्यांत सुकाणू फिरविण्यास यंत्राचें साह्यसुद्धां नव्हतें. रस्त्याचा प्रत्येक खडा तळहाताला कळे. मग उणें कशाचें वाटतें? उणें वाटतें तें भीतीचें. फेरारीच्या गिअरला धातूची उघडी जाळी असते. थंड असतां दुसरा गिअर कुरकुरतो, तेल तापेपर्यंत पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जाणें शहाणपणाचें. हें सर्व सांभाळून गाडी सुखरूप घरीं आली कीं चालकाला धन्य वाटतें. त्या धन्यतेंत आनंद किती आणि सुटका किती, हें तोलून पाहणारे थोडे. तापट साहेबानें एके दिवशीं हंसून बोलावें आणि कारकुनानें तो दिवस वर्षभर आठवावा, तशांतलाच हा प्रकार. निवड करणाऱ्यानें आपल्याशीं एवढा हिशेब प्रामाणिकपणें करावा.

कित्येकांना मात्र सांभाळणें हाच आनंद असतो, आणि त्यांची गोष्ट वेगळी. मिरजेचा तंबोरा घेतला तर तो बैठकीपूर्वीं लावावा लागतो, हवा पालटली कीं उतरतो, जवारी बिघडली कीं कारागिराकडे न्यावा लागतो. पेटीचें तसें नाहीं. झांकण उघडलें कीं सूर तयार. तरी तंबोरा लावण्यांत अर्धा तास घालविणारा गवई त्या अर्ध्या तासाला नुकसान समजत नाहीं. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीला बंदी केली, व ती थेट १९७१ पर्यंत टिकली. त्या वादांत पेटीच्या सोईबद्दल कोणाचें दुमत नव्हतें, वाद होता तो सुराबद्दल. ज्याला घरच्या शेडमध्यें दिवा लावून इंजिनाशीं बसावयास आवडतें, ज्याचा ओळखीचा मिस्त्री आहे, ज्याच्यापाशीं कामावर जाण्यास दुसरी साधी गाडी आहे, त्यानें खुशाल फेरारी घ्यावी. त्याच्या दृष्टीनें दुरुस्ती ही त्या छंदाचाच एक भाग आहे. परंतु तंबोरा घेऊन लावण्याचा कंटाळा करणाराची जी गत, तीच गाडी घेऊन मिस्त्र्याचा खर्च चुकविणाराची.

येथें एक भ्रम फार घातक आहे. पुष्कळ लोक म्हणतात, 'मी ती रविवारींच काढणार; वर्षाकाठीं हजारभर मैल. मग झिजणार काय?' वस्तुस्थिति उलट आहे. रबरी पट्टा मैलांनीं जसा म्हातारा होतो तसा वर्षांनींही होतो. उभ्या गाडीचीं रबरी कडीं सुकतात व तेल झिरपूं लागतें, बॅटरी उतरते, पेट्रोल शिळें होऊन नळ्यांत चिकटा धरतें, टायर एकाच जागीं दबतात. थोडा वेळ इंजिन चालवून बंद केलें तर धुरांतलें पाणी नळ्यांतच राहून त्या आंतून गंजतात. पाणीदार घोड्याला तबेल्यांत बांधून ठेवल्यानें त्याची खोड वाढते, हें घोडेवाल्यांना ठाऊक होतें. फार कमी चाललेली जुनी फेरारी ही पुष्कळदां नियमानें चाललेल्या गाडीपेक्षां महाग पडते. आणि तिच्या जाहिरातींत नेमकें तें कमी चालणेंच मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें!

गिऱ्हाइकांनीं आपला कौल कसा दिला? होंडाची ती गाडी १९९० पासून २००५ पर्यंत निघत राहिली व अठरा हजारांहून थोड्या अधिक गाड्या खपल्या. एफ ३५५ ही १९९४ ते १९९९ एवढ्या अवधींतच अकरा हजारांवर खपली. म्हणजे शहाणपणाचे सगळे मुद्दे एका बाजूला असतांही लोकांनीं घोड्याच्या बिल्ल्यालाच झुकतें माप दिलें. यांत त्यांना मूर्ख ठरविण्याचें कारण नाहीं. ज्याला रोज वापरावयाची एक विश्वासू गाडी हवी होती त्याला ती कमी किंमतींत दुसरीकडे मिळत होती. शौकाकरितां पैसा मोजणारास शौकाचीच वस्तु हवी होती. परंतु त्याच फेरारी कंपनीनें पुढें आपल्या गाड्यांतून खोडी एकेक करून काढून टाकल्या. हा धडा तिला शिकविण्यांत जपानी गाडीचा वांटा मोठा होता, असें मोटारींचे जाणकार मानतात.

तेव्हां ज्याची मिळकत बेताची, ज्याला एकच गाडी ठेवणें शक्य, आणि ज्याला रविवारीं सकाळीं डोंगरी रस्त्यानें जाऊन दुपारीं जेवावयास निश्चित घरीं यावयाचें आहे, त्यानें होंडाकडेच वळावें. पाणी तिच्यांतही आहे. ज्याला फेरारीशिवाय चैन पडणार नाहीं त्यानें खरेदीच्या किंमतींतच पहिल्या मोठ्या दुरुस्तीची रक्कम बाजूला काढावी आणि ती खर्च झालीच असें धरून चालावें. ती रक्कम वेगळी काढल्यावर गाडी परवडत नसेल तर ती गाडी परवडत नाहीं. घरांत ही गोष्ट अगोदर बोलावी. मागाहून बिल दाखवून बोलण्यांत शोभा नाहीं.

जुनी गाडी पाहण्यास जातांना विकणारास आधींच कळवावें कीं, इंजिन थंड ठेवा. तेथें पोंचल्यावर बोलण्यापूर्वीं इंजिनाच्या झांकणावर तळहात ठेवावा. तें कोमट लागलें तर मालकानें कांहीं तरी लपविण्याकरितां गाडी अगोदर तापवून ठेवली असण्याचा संभव आहे. दुसऱ्या दिवशीं पुन्हां यावें. फेरारी असेल तर पट्टा शेवटीं केव्हां बदलला त्याची तारखेसह पावती मागावी, प्रत्येक सिलिंडराची दाबपरीक्षा आपल्या मिस्त्र्याकडून करवावी, व दुसरा गिअर थंडींत कसा पडतो तें स्वतः पाहावें. होंडा असेल तर गिअरपेटीचा क्रमांक टिपून घ्यावा, आणि गुडघे टेकून मागच्या टायरांची आंतली कड बोटानें चांचपावी. बाहेरून नवा दिसणारा टायर तेथें पार गुळगुळीत झालेला असतो.